पहिले १५ हजार कुठं घालायचे? रायडिंग गिअरबद्दल तुमचे प्रश्न

पाऊस तोंडावर आलाय आणि या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं गिअरबद्दलचीच, म्हणजे हेल्मेट, ग्लोव्हज, जॅकेट, बूट अशा अंगावर घालायच्या सामानाबद्दलचीच आहेत, कुणी नवी गाडी घेतलीय, कुणाचा मुलगा ऐकत नाही, कुणाला उन्हाचा त्रास, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ आणि आज फक्त हाच विषय. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं काढलीत, प्रश्न तुमचेच आहेत.

दादा, मी कराडचा, वय २३, पहिलीच बाईक घेतली, ३५० सीसी. रोज एमआयडीसीत जाऊन येऊन ३५ किलोमीटर होतं आणि रविवारी मित्रांबरोबर कास, ठोसेघर, महाबळेश्वर. गिअरसाठी १५ हजार बाजूला काढलेत. मित्र म्हणतो १२ हजाराचं जॅकेट घे, हेल्मेट शोरूमवाल्यानं दिलंय तेच वापर. घेऊ का?

नको घेऊ. आधी १५ हजार बाजूला काढलेस याचा खरंच आनंद झाला, पण मित्राचा हिशोब उलटा आहे रे. सुरुवात डोक्यापासून करायची, मग हात, मग घोटे, मग गुडघे आणि जॅकेट सगळ्यात शेवटी, ते दोन पगारांनंतर आलं तरी चालेल.

गाडीबरोबर हेल्मेट द्यायचं हा नियमच आहे, पण जे मिळतं ते बऱ्याचदा साधं, तोंडाकडून उघडं असतं. जर्मनीत डिटमार ओटे यांनी अपघातात सापडलेल्या हेल्मेटवर मार कुठं कुठं बसला याची नोंद केली होती, त्यात साधारण एक तृतीयांश मार हनुवटी आणि जबड्याच्या भागावर होते. म्हणजे उघडं हेल्मेट घालून तू जो भाग मोकळा सोडतोस तिथंच इतका मार बसतो. तेव्हा फुल फेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं घे, ४ ते ५ हजारात आपला आयएसआय आणि युरोपातला ईसीई असे दोन्ही शिक्के असलेलं चांगलं हेल्मेट मिळतं. पट्ट्याला शिवलेली छोटी चिठ्ठी बघ, गोलात E आणि आकडा असतो (तो देशाचा, म्हणजे E3 इटली, E9 स्पेन) आणि शेजारचा नंबर ०६ ने सुरू होत असेल तर ते नव्या २२.०६ नियमाप्रमाणे तपासलेलं आहे. त्यात तिरका मार बसून डोकं गर्रकन फिरतं त्याचीही चाचणी असते, जुन्या २२.०५ मध्ये ती नव्हती. नुसता ईसीई असून चालत नाही, आपल्याकडे कायद्यानं आयएसआय लागतोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माप. आईकडची शिवणकामाची टेप घे, भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती फिरव, जो आकडा येईल तो कंपनीच्या तक्त्यात बघ आणि मग दुकानात जाऊनच घाल, ऑनलाइन मागवू नको, निदान पहिलं तरी. गाल इतके दाबले गेले पाहिजेत की बोलताना गाल आतून चावले जातील असं वाटावं, हेल्मेट धरून डावी उजवीकडे हलवलं तर कातडी सोबत सरकली पाहिजे, आणि पट्टा लावून मागच्या कडेला बोटं घालून पुढं ओढलं तर ते निघता कामा नये. निघालं तर पडल्यावरही निघणार. मग २० मिनिटं घालून दुकानातच थांब, दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. कपाळावर एकाच जागी टोचायला लागलं तर साइज बरोबर असली तरी आकार तुझ्या डोक्याचा नाही, कुणाचं डोकं गोल असतं कुणाचं लांबट, दुसऱ्या कंपनीचं बघ. नवीन हेल्मेट घट्टच वाटतं आणि महिन्याभरात आतलं पॅडिंग बसतं, त्यामुळे दुकानात "एकदम कम्फर्टेबल" वाटणारं हेल्मेट बहुतेक वेळा एक साइज मोठं असतं.

मग हात. इथं माझं सांगतो. सिंहगड रस्त्यावर घरापासून हाकेच्या अंतरावर वळणावर कच पडली होती, पुढचं चाक सटकलं, स्पीड ३० असेल फार तर, आणि माणूस पडताना काय करतो तर हात पुढं टाकतो, ते आपोआप होतं, ठरवून नाही. दोन्ही तळव्यांची साल गेली. डोक्याला काही नाही, पाय शाबूत, पण पुढचे १२ दिवस मला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, नळ सोडता येत नव्हता आणि आईनं घास भरवले, तेव्हा मी ३१ वर्षांचा होतो. ग्लोव्हज घरात होते, खुंटीवर, कारण मी फक्त दूध आणायला निघालो होतो. तेव्हापासून ग्लोव्हज हेल्मेटच्या आतच ठेवतो, म्हणजे हेल्मेट उचललं की ते हातात येतात.

ग्लोव्हज दीड ते अडीच हजारात मिळतात. आत ईएन १३५९४ (ईएन म्हणजे युरोपातलं मानक) लिहिलेलं बघ आणि KP असेल तर बोटांच्या सांध्यांवरचं कवचही तपासलेलं आहे. पण सांध्यांवरचं ते चकचकीत कवच बघून भुलू नको, तळवा बघ. मनगटाजवळच्या उशीवर टणक गुळगुळीत तुकडा पाहिजे, म्हणजे हात रस्त्याला अडकत नाही, घसरतो. मनगटात अंगठ्याच्या बाजूला स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं, त्याला रक्तपुरवठा कमी, मोडलं तर जुळायला महिने लागतात. मनगटाचा पट्टा लावून दुसऱ्या हातानं ग्लोव्ह ओढून बघ, निघाला तर ठेवून दे.

घोट्याच्या वर जाणारे रायडिंग बूट ४ हजाराच्या आसपास सुरू होतात, कंपनीत सेफ्टी शूज मिळत असतील तर तोवर ते चालव, चप्पल सोडून काहीही. गुडघ्याचे गार्ड दीड हजार, पँटच्या आतून घालायचे. झाले की १२-१३ हजार, उरलेले जॅकेटसाठी ठेव. जीन्सच्या भरवशावर राहू नको, साधी जीन्स डांबरावर सेकंदभरात फाटते.

माझा मुलगा रस्त्याकडेचं ३०० रुपयांचं हेल्मेट घालतो, त्यावर आयएसआयचा स्टिकर आहे. मी स्वतः घालत नाही, मान दुखते आणि मागचा हॉर्न ऐकू येत नाही, शिवाय मी ४० च्या वर कधी जात नाही. वय ५८, कोल्हापूर.

काका, मुलाचं आधी. स्टिकर कुणीही छापतो. खऱ्या शिक्क्याबरोबर आयएस ४१५१ आणि CM/L ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप मोबाईलवर घ्या आणि तो नंबर त्यात टाका, कंपनीचं नाव जुळलं नाही तर ते हेल्मेट बादली समजा. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं दोन्ही बेकायदा आहे, तरी रस्त्याकडेला मिळतंच. आतलं अस्तर बाजूला करून बघा, बोटभर जाड कडक थर्माकोल दिसलं पाहिजे, डोक्याचा मार ते स्वतः चेपून घेतं. त्या ३०० च्या हेल्मेटमध्ये बऱ्याचदा नुसता स्पंज असतो. चांगलं आयएसआय फुल फेस दीड हजाराच्या आत मिळतं हो काका, मुलासाठी एवढं कराच.

आता तुमचं. मान दुखते ती बहुतेक ढिल्या हेल्मेटनं, वाऱ्यात ते डुगडुगतं आणि मान ते धरून ठेवायला झगडत राहते, मापाचं घातलं की फरक पडतो. ऐकण्याचं म्हणाल तर मोकळ्या डोक्यानं वाराच कानात इतका घोंगावतो की हॉर्न त्यातच बुडतो, हेल्मेट हॉर्न कमी करतं तसा वाराही कमी करतं. आणि ४० चं गणित वेगळं आहे. गाडी उभी असताना सीटवरच्या माणसाचं डोकं जमिनीपासून दीड मीटरच्या वर असतं, तिथून नुसतं खाली आपटलं तरी जमिनीला लागताना त्याचा वेग तासाला २० किलोमीटरच्या जवळ असतो, कवटीला तेवढा पुरतो. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दुचाकीच्या अपघातांत दगावले, हा केंद्र सरकारचा आकडा आहे आणि त्यातले सगळे काही हायवेवर सुसाट जाणारे नव्हते, गल्लीतून मंडईला निघालेलेही होतेच की. काका, मुलगा तुमचं बघतो. तुम्ही घातलंत तर तो घालेल.

मी नागपूरची, कॉलेजात शिकवते, रोज २२ किलोमीटर बाईक. मे महिन्यात जॅकेट घालून भाजून निघते. वर लेडीज साइज मिळत नाही, पुरुषांचं स्मॉल घेतलं तर खांद्यात ढगळ. दुपट्टा बांधून वर हेल्मेट घालते. काय करावं?

ताई, तुमचे तीन प्रश्न आहेत खरं तर, आणि तिन्ही मला फार जवळचे वाटतात कारण गिअरवर बोलणारे बहुतेक लोक पुण्या-बंगळुरूच्या हवेत बसून बोलतात.

उन्हाचं आधी. सगळे सांगतील मेश जॅकेट घ्या, जाळीचं, आणि ३५-३६ डिग्रीपर्यंत ते बरोबर आहे. पण नागपूरचा पारा ४४ ला गेला की बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असते, मग जाळीतून येतो तो वारा नसतो, लू असते, घाम अंगावर टिकायच्या आत उडून जातो आणि तुम्हाला कळतही नाही की अंगातलं पाणी संपत आलंय. तुमच्याकडचा कूलर कसा चालतो तेच इथं करायचं. आत सुती टी-शर्ट किंवा कूलिंग व्हेस्ट पाण्यात भिजवून पिळून घालायचं, वर जॅकेट, आणि जाळी पूर्ण उघडी असण्यापेक्षा छातीवर थोडं बंद कापड आणि हातांवर जाळी असं मॉडेल निवडायचं, म्हणजे ओल लगेच वाळत नाही. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे छान चालतं, अर्धा पाऊण तास गारवा राहतो, तुमचं अंतर तेवढंच आहे. रत्नागिरीच्या दमट हवेत हीच युक्ती उपयोगाची नाही, तिथं कूलरही चालत नाही ना.

जॅकेट घेताना आतलं लेबल बघा. ईएन १७०९२ आणि पुढं A, AA किंवा AAA असं असतं, शहरातल्या रोजच्या वापराला A पुरतं, लांबच्या हायवेला AA चांगलं. खांद्या-कोपराचं आर्मर, म्हणजे मार झेलणारं पॅड, बाहेर काढून बघा, त्यावर ईएन १६२१-१ आणि लेव्हल १ किंवा २ असतं. चाचणीत ५० ज्यूलचा फटका मारतात, लेव्हल १ मधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर आत जाऊ शकतो आणि लेव्हल २ मधून २० पर्यंतच, फरक मोठा आहे. आणि तुमच्यासाठी खास गोष्ट म्हणजे त्यावर T+ लिहिलंय का बघा. हे मऊ आर्मर उष्णतेनं आणखी मऊ पडतं, T+ म्हणजे ते ४० डिग्रीला तपासून पास झालेलं आहे. नागपुरात मी तरी T+ शिवाय घेणार नाही. पाठीतला कप्पाही उघडून बघा, खूप जॅकेटांत खांद्याला खरं आर्मर आणि पाठीला नुसता फोमचा तुकडा असतो, दुकानदार "फुल आर्मर" म्हणून विकतो. पाठीचं ईएन १६२१-२ वालं वेगळं घ्यावं लागतं.

मापाचं म्हणाल तर लेडीज कट आता मुंबईची रायनॉक्स, बंगळुरूची व्हायाटेरा अशा आपल्या कंपन्यांत शोधता येतो, पण साइज जवळच्या दुकानात नसेल तर मागवून घ्यायला सांगा, ढगळ घेऊ नका. कारण आर्मर कोपरावर असेल तरच कोपर वाचवतं, पडताना बाही फिरली आणि ते खाली घसरलं की त्याचा उपयोग शून्य. जॅकेट उभं राहून आरशात बघू नका, बाईकवर बसून हँडल धरून बघा, कोपर वाकवल्यावर आर्मर बरोबर टोकावर आहे का, आणि मैत्रिणीला बाही धरून पिळायला सांगा, आर्मर जागेवरून हलता कामा नये.

आणि दुपट्टा, हे जरा आग्रहानं सांगतो. दोन-तीन वेढ्यांवर हेल्मेट घातलं की ते डोक्याला नाही, कापडाला घट्ट असतं, कापड सरकलं की हेल्मेट सरकतं. शिवाय एखादं टोक सुटून मागं उडत राहतं ते वेगळंच. पातळ सुती बालाक्लाव्हा, म्हणजे डोकं-मान झाकणारी टोपी घ्या, २०० रुपयांत मिळतो, ऊन-धूळ दोन्हीला चालतो आणि रोज धुता येतो.

सेकंडहँड गिअर घ्यावं का? बजेट कमी आहे. विद्यार्थी, पुणे.

जॅकेट, पँट, बूट घे, शिलाई उसवलेली नाही आणि घासल्याची खूण नाही एवढं बघून, आर्मर नवीन टाक. हेल्मेट मात्र कधीच नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून नव्यासारखं दिसतं पण आतलं थर्माकोल चेपलेलं असतं आणि चेपलेलं थर्माकोल परत फुगत नाही, विकणारा ते सांगणार नाही, कदाचित त्यालाही माहीत नसेल. नवीन आयएसआय फुल फेस घे, बाकी नंतर.

बायको साडीवर मागं एका बाजूला बसते, पुढं साडेतीन वर्षांचा मुलगा टाकीवर. रोज शाळेपर्यंत ३ किलोमीटर. त्यांच्यासाठी काय घेऊ? नाशिक.

आधी मुलाला टाकीवरून उतरवा, भाऊ. अर्जंट ब्रेक लागला की तुमचं सगळं वजन त्याला हँडलवर दाबतं. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून नियमच आहे, मुलाला तुमच्या अंगाशी बांधणारा सेफ्टी हार्नेस, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि गाडी ४० च्या आत. ४ वर्षं पूर्ण झाली की मोटार वाहन कायद्यानं हेल्मेट लागतंच. मोठ्यांचं छोटं हेल्मेट आत कापड कोंबून मुलाला घालू नका, वजनानं त्याची मान लवते, मुलांचं हलकं वेगळं मिळतं.

वहिनींना हेल्मेट तुमच्याच दर्जाचं घ्या. वर काकांना जो आकडा सांगितला त्यात १४,३३७ जण मागं बसलेले होते. खूप घरांत चालवणाऱ्याचं हेल्मेट ५ हजाराचं आणि मागचीचं पोलिसाला दाखवण्यापुरतं, हे बघून मला फार वाईट वाटतं. एका बाजूला बसल्यावर धरायला काहीच नसतं, शक्य असेल तर शाळेपुरता पंजाबी ड्रेस आणि दोन्हीकडे पाय, आणि साडीच असेल तर मागच्या चाकाचा साडी गार्ड काढलेला नाही ना ते आत्ताच खाली जाऊन बघा, तरुण मुलं स्टाइलसाठी काढून टाकतात, गाडी सेकंडहँड असेल तर नक्की बघा. पदर कमरेला खोचायचा, मोकळा नाही.

चिपळूणहून रोज लोट्याला जातो, पावसात चार महिने. जॅकेटच्या आतला रेन लायनर घातला तरी जड होतं, काच धुरकटते, गमबूट घालतो. यंदा काय बदलू?

तीनही बदला. आतला लायनर तुम्हाला कोरडं ठेवतो पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन घोंगडं होतं, आणि ओलं जॅकेट वाऱ्यात थंड पडतं, पंधरा मिनिटांत बोटं आखडतात आणि ब्रेकचा अंदाज चुकतो. जॅकेटवरून घालायचा दोन भागांचा रेनसूट घ्या, एक साइज मोठा, शिलाईवर आतून टेप मारलेला, मांडीच्या सांध्यापाशी टेप नीट आहे का बघा, पाणी आधी तिथूनच शिरतं. रंग पिवळा-हिरवा भडक घ्या, काळा नाही. २००४ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चमकणारे किंवा रिफ्लेक्टिव्ह कपडे घालणाऱ्यांना अपघातात जखमी व्हायचा धोका ३७ टक्के कमी आढळला आणि पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना काळ्या हेल्मेटवाल्यांपेक्षा २४ टक्के कमी. हायवेच्या डायव्हर्जनवर ट्रक-डंपरच्या गर्दीत, त्या पावसात, समोरच्याला तुम्ही दिसणं हेच अर्धं काम आहे.

काचेसाठी पिनलॉक लावता येईल असं व्हायझर (हेल्मेटची पुढची काच) बघा, आत एक पातळ दुसरी काच बसते आणि मधल्या हवेमुळे धुकं धरत नाही. ते बसत नसेल तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब आतून चोळून कोरड्या कपड्यानं पुसा, एक-दोन दिवस चालतं. काळी व्हायझर पावसात आणि रात्री अजिबात नको.

गमबूट पाणी अडवतात पण घोट्याला काही आधार देत नाहीत आणि गाडी पायावर पडली तर गमबुटातून पाय मुरगळून निघतो. रायडिंग बूट आणि त्यावर रबरी कव्हर, तळाला चरे असलेलं, गुळगुळीत तळ ओल्या सिमेंटवर घसरतो. रेनसूटची पँट बुटाच्या वरून सोडा, आत खोचली की पाणी सरळ मोज्यात.

आणि घरी आल्यावर ओलं गिअर गाठोडं करून ठेवू नका, कोकणातल्या हवेत तीन दिवसांत बुरशी धरते. जॅकेट सावलीत वाऱ्यावर, हेल्मेट चुलीजवळ किंवा हीटरपुढं कधीच नाही, थर्माकोल खराब होतं. गालाचे पॅड काढून रात्रभर पंख्याखाली ठेवा. सकाळी ओलं, वास येणारं हेल्मेट घालायला नकोसं वाटतं आणि मग माणूस ते आरशाला अडकवून निघतो.